व्हॅक्यूम क्लीनर दुरुस्त करावा कीं नवा घ्यावा?

गोदामाच्या फटींतील भुकटी, ट्रॅक्टरच्या बैठकीखालची माती, मळणी यंत्राच्या कोपऱ्यांत अडकलेला भुसा ओढून काढण्यासाठीं डब्याचा मोठा व्हॅक्यूम क्लीनर आतां कांहीं अवजारशाळांत दिसूं लागला आहे. दोन-चार वर्षें तो चालला म्हणजे ओढ कमी झाल्याची तक्रार येते, आणि यावर आणखी पैसा घालावा कीं नाहीं, हा प्रश्न सोसायटीच्या बैठकींत निघतो. आमचीं उमेदीचीं वर्षें महसुली कचेरींत गेलीं. तेथें एखादी मोडकी खुर्ची नोंदवहींतून कमी करावयाची झाली तरी ती निकामी कां झाली, हें अगोदर लिहावें लागे. तोच रिवाज येथें पाळावा, असें आम्ही सुचवितों.

प्रथम हें ठरवावें कीं, बिघाड वाऱ्याच्या वाटेंत आहे कीं मोटारींत. मोटार नेहमींप्रमाणें फिरत असून ओढच नसेल, तर दोष बहुधा वाटेंत असतो. नळी काढून यंत्राच्या तोंडावर तळहात धरावा. तेथें ओढ जोरदार लागली तर नळी तुंबलेली किंवा फाटलेली आहे. तेथेंही ओढ नसेल तर पिशवी भरली आहे, फिल्टर मेणचटला आहे, अथवा झांकणाखालचें रबर कडक होऊन हवा बाजूनें शिरते आहे. वाट बंद झाली म्हणजे मोटारीचा आवाज चढतो. त्यावरून तिच्यावर भार वाढला, असें पुष्कळांस वाटतें; वस्तुतः हवा वाहत नसल्यानें पंख्यावरचा भार उतरतो व मोटार अधिक वेगानें फिरते. या सर्व दोषांस खर्च थोडा लागतो, आणि एवढ्याकरितां यंत्र टाकणें म्हणजे उधळपट्टी होय.

मोटारीची गोष्ट निराळी. या यंत्रांतील नेहमींची मोटार कार्बन ब्रशची असते व मिनिटास वीस हजारांहून अधिक फेरे घेते. ब्रश झिजले म्हणजे मोटार मध्येंच थांबते, टिचकी मारली तर पुन्हां चालते, व ठिणग्या वाढतात. बारीक निळसर ठिणग्या दिसणें स्वाभाविक आहे. सबंध तांब्याच्या कड्याभोंवतीं अग्नीचें वलय फिरूं लागलें तर मात्र बिघाड खोल गेला असें समजावें. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्यास दुकानदारानें मोटार जळाली म्हणून नवें यंत्र घेण्यास सांगितलें होतें; गांवच्या वायरमननें उघडून पाहतां दोन ब्रश झिजलेले निघाले. ब्रश नेहमीं जोडीनें व त्याच मापाचे बसवावे. किंचाळल्यासारखा आवाज येत असेल तर बेअरिंग गेलें आहे; तें वेळींच बदलावें, नाहींतर फिरता गाभा भोंवतालच्या लोखंडास घासून मोटार खरोखरच जळते.

वार्निश जळाल्याचा वास आला व गुंडाळी काळी पडली, तर गुंडाळी पुन्हां भरून घेण्याच्या फंदांत पडूं नये. इतक्या वेगाच्या गाभ्याचा तोल अचूक साधावा लागतो, व तें साधन तालुक्याच्या दुकानांत सहसा नसतें. अशा वेळीं संपूर्ण मोटार मिळते काय, तें व्यास, उंची व वॅट मोजून विचारावें.

आतां हिशेब. समजा, नवें यंत्र ६,००० रुपयांस मिळतें व सहा वर्षें टिकतें. म्हणजे वर्षास १,००० पडले. जुन्यास मोटार बसविण्यास २,४०० लागून तें आणखी दोनच वर्षें चालणार असेल, तर वर्षास १,२०० पडतात. तेव्हां नवें घेणें बरें. तीन वर्षें चालणार असेल तर ८०० पडतात, व दुरुस्ती सरस ठरते. मात्र डबा तडकलेला आहे, चाकें गेलीं आहेत, फिल्टर बाजारांत मिळत नाहीं, असें असेल तर मोटार फुकट मिळाली तरी उपयोग नाहीं.

कांहीं यंत्रें दुरुस्त केल्यावरही पुन्हां बिघडतात, त्याचें कारण वापरांत असतें. ज्या यंत्रांत मोटारीस थंड हवा येण्याची वाट निराळी आहे, ती धुळीनें बुजूं देऊं नये. पाणी ओढतांना कोरडा फिल्टर काढावा. साबणाच्या फेसानें पाणी थांबविणारा तरंगता गोळा फसतो व पाणी मोटारींत जातें. धान्यास धुरी दिल्यानंतर उरलेली अॅल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्यांची राख या यंत्रानें कदापि ओढूं नये. त्यांतील अर्धवट राहिलेला भाग बंद डब्यांत विषारी वायू सोडतो व पेटूं शकतो. पिठाची दाट धूळ अथवा पेट्रोल यांस मोटारीची ठिणगी पुरे होते. गरम राखेसही हाच नियम.

यंत्र टाकावयाचेंच ठरलें, तर नळी, तोंडें व चाकें काढून ठेवावीं. मापें जुळल्यास पुढच्या यंत्रास लागतात. उरलेलें भंगारवाल्याच्या ढिगांत जाळण्यास देऊं नये. विजेच्या टाकाऊ उपकरणांविषयींचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांप्रमाणें नोंदणी झालेल्या केंद्राकडे तें पाठवावें व पावती सोसायटीच्या दप्तरीं ठेवावी.