अंतर आणि प्रवासकाल : एक पाठ

मुंबई व नागपूर यांतील अंतर किती, असे विचारताच मुले पाठ केलेला आकडा सांगतात. ‘कोणत्या मार्गाने?’ हा प्रश्न त्यांना सुचत नाही. तो सुचावा, हाच या पाठाचा हेतू होय.

राज्याचा नकाशा टांगून दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. प्रमाणपट्टीवरून सुमारे 690 कि.मी. येतील, हे हवाई अंतर. मग तोच दोरा रस्त्याच्या वळणांवरून ठेवावा. तो अपुरा पडेल. 2025 मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडीजवळील आमणेपर्यंतच 701 कि.मी. आहे; मुंबई त्याच्याही पुढे.

आता काळ. ताशी 100 कि.मी. वेगाने न थांबता गेल्यास या महामार्गास सुमारे 7 तास लागतील. विमान सुमारे दीड तासात पोहोचते. परंतु विमानतळ गाठणे, तपासणी व सामान यांचा वेळ त्यात मिळवावयास हवा, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

स्वाध्याय : आपल्या गावापासून जवळच्या दवाखान्यापर्यंतचे अंतर, तसेच उन्हाळ्यात व ओढ्यास पूर आला असता लागणारा वेळ मुलांनी लिहावा. अंतर तेच असता वेळ का वाढला, याचे उत्तर ती स्वतः देतील. आजाऱ्यास नेताना हाच हिशेब घरोघरी करावा लागतो. तो शाळेत नीट करून घ्यावा.