मोठा प्लॅन घेण्याआधी

एकाच घरात, एकाच कनेक्शनवर एका लॅपटॉपला १९० एमबीपीएस मिळतात आणि शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जेमतेम ४०. अशा वेळी घरोघरी उपाय ठरलेला असतो : नेटवाल्याला फोन करायचा आणि वरचा प्लॅन घ्यायचा. हे पैसे बहुधा वाया जातात, असं मी अनुभवावरून सांगतो. प्लॅनचा वेग राउटरपाशी संपतो. तिथून पुढे प्रत्येक यंत्र राउटरशी आपला वेगळा वेग ठरवून घेतं आणि तोच प्लॅनपेक्षा कमी असेल, तर २००चा प्लॅन ४००चा केला तरी त्या यंत्रावर काहीच बदलत नाही. एका कॉम्प्युटरला पूर्ण वेग मिळतोय याचाच अर्थ बाहेरून येणारी लाइन ठीक आहे. मग फरक कुठे पडतो ते घरातच शोधायला हवं.

सगळ्यात जास्त फरक वायफायमध्ये पडतो. बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्या पट्ट्याची लहर भिंतीतून बरी जाते, पण तिथे एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. दाट वस्तीच्या इमारतीत तीच तीन चॅनेल सगळे शेजारी वाटून घेतात आणि शेजारचा राउटर बोलत असताना आपल्याला थांबावं लागतं. चालू मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झवर जागा पुष्कळ, पण काँक्रीटच्या दोन भिंती किंवा मध्ये उभं असलेलं लोखंडी कपाट तिथल्या लहरीला पुरून उरतं. त्यात प्रत्येक यंत्राची स्वतःची कुवत असते. जुन्या किंवा स्वस्त लॅपटॉपमध्ये फक्त २.४ पकडणारं, एकाच अँटेनाचं वायफाय कार्ड असतं. त्याचा जोडणीचा वेग साधारणपणे ७२ एमबीपीएसवर थांबतो आणि प्रत्यक्षात हाती येतात ४०-५०. ५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या, वायफाय ५ प्रकारच्या एका अँटेनाच्या कार्डाला ४३३ आणि दोन अँटेनाच्या कार्डाला ८६७चा जोडणी-वेग मिळू शकतो. विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये हा आकडा ‘लिंक स्पीड’ म्हणून दिसतो. स्पीड टेस्ट करण्याआधी तो बघावा, कारण तिथेच ७२ असेल तर टेस्टमध्ये २०० कुठून येणार?

यावर हमखास उत्तर येतं, की रेंज तर पूर्ण दाखवतोय. त्या काड्या फक्त सिग्नल किती जोरात पोचतो ते दाखवतात. गर्दीच्या २.४ वर काड्या भरलेल्या आणि वेग रडका, हे अगदी नेहमीचं आहे. दुसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा आहे : त्याच टेबलावर ठेवलेल्या मोबाइलला भरपूर वेग मिळतो, मग दोष जागेचा कसा? बरोबर, तो जागेचा नाहीच. मोबाइलने लाइन, राउटर आणि भिंत या तिघांनाही निर्दोष ठरवलं. उरला कॉम्प्युटर, आणि त्यावर नवा प्लॅन नव्हे, तर दोन्ही पट्टे पकडणारं नवं कार्ड किंवा यूएसबी डोंगल हा उपाय आहे. डोंगल मात्र यूएसबी ३च्या पोर्टला लावावा. आणि ‘आधी तर नीट चालायचं’ असं वाटत असेल, तर तेव्हाचा प्लॅन आठवून पाहावा. ३०च्या प्लॅनवर जुनं कार्ड मागे पडतंय हे कुणाला कळणारच नव्हतं.

केबल लावली की प्रश्न मिटला, असंही मी म्हणणार नाही. टेस्टमध्ये आकडा ९४च्या आसपास येऊन तिथेच अडत असेल, तर जोडणी शंभराची झाली आहे हे जवळजवळ नक्की. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिट वेगाला आठही लागतात, शंभराला चारच पुरतात. त्यामुळे दाराच्या फटीत चेपलेल्या केबलची एखादी तार तुटली किंवा टोकाचा क्लिप नीट दाबलेला नसला, तरी नेट बंद पडतंच असं नाही, बऱ्याचदा ते गुपचूप शंभरावर उतरतं. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. काही राउटरांचे आणि जुन्या कॉम्प्युटरांचे पोर्टच शंभराचे असतात, तिथे केबल बदलून उपयोग नाही. जोडणी ठीक असूनही वेग कमी दिसू शकतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल, तर बहुधा सगळी ये-जा कंपनीच्या सर्व्हरवरून फिरून होते. मागे विंडोजचे अपडेट किंवा फोटोंचा बॅकअप चालू असेल, तर ते यंत्र आपला वाटा आधीच वापरत असतं. तुलना करताना हे सगळं बंद ठेवून, एकामागून एक, एकाच सर्व्हरवर टेस्ट घ्यावी. दोन्ही यंत्रांवर एकदम घेतली तर ती एकमेकांचाच वेग खातात.

दोष कंपनीचा कधीच नसतो, असं माझं म्हणणं नाही. गिगाबिट पोर्टचा लॅपटॉप चांगल्या केबलने थेट राउटरला जोडावा, घरातली बाकी यंत्रं बंद ठेवावीत आणि सकाळी व रात्री मोजावं. तिथेही प्लॅनपेक्षा बराच कमी वेग आला, तर तक्रार जरूर करावी आणि ते आकडे सोबत द्यावेत, म्हणजे ‘तुमच्या वायफायचा प्रॉब्लेम आहे’ असं सांगून कुणाला फोन ठेवता येणार नाही. मोठा प्लॅनही कधी कधी खरोखरच लागतो. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, फोर-केला १५ ते २५. एकाच वेळी दोन टीव्हीवर फोर-के, दोन व्हिडिओ कॉल आणि एखादं मोठं डाउनलोड चालणाऱ्या घराला ५०चा प्लॅन अपुराच पडणार. पण तेव्हा एकाच खोलीतला कॉम्प्युटर रडत नाही, सगळ्याच यंत्रांचा वेग एकदम पडतो.