हालचाल मोजायची कशी? विचारून!

उंची मोजायला पट्टी आहे, वजनाला काटा आहे, तापाला तापमापी आहे. पण एखादा माणूस आठवडाभरात किती शारीरिक हालचाल करतो, हे कसे मोजायचे? सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्यालाच विचारणे. हजारो लोकांची पाहणी करायची असेल, तर हाच उपाय खर्चाला परवडतो. मात्र मिळालेले उत्तर खरे मानायचे का?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. १९५३ साली जेरेमी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. तेथे कामावरूनच हालचालीचा अंदाज आला. परंतु शेतकरी, गृहिणी, कारकून, विद्यार्थी यांच्या बाबतीत काय करायचे? त्यांना विचारावेच लागते, आणि चुकीच्या उत्तरांवरून काढलेला आरोग्याचा निष्कर्षही चुकतो.

प्रश्न चुकला की उत्तर चुकते

समजा, तुम्ही विचारले, ‘आपण व्यायाम करता का?’ विहिरीवरून पाणी आणून दिवसभर शेतात खुरपणी करणारी बाई म्हणेल, ‘नाही.’ संध्याकाळी दहा मिनिटे कोपऱ्यापर्यंत फिरून येणारा कारकून म्हणेल, ‘हो, रोज!’ दोघेही खरेच बोलले. पण तुमच्या वहीत मात्र कारकून चपळ आणि ती बाई आळशी ठरली!

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या १६ प्रश्नांच्या प्रश्नावलीत काम, येणेजाणे आणि फुरसतीचा वेळ यांतील हालचाल वेगवेगळी विचारलेली असते. ही प्रश्नावली वापरून भारतात केलेली एक मोठी पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड येथील १४ हजारांहून अधिक लोक तिच्यात होते. महाराष्ट्रातील दर १० पैकी ९ जणांनी फुरसतीच्या वेळात खेळ किंवा व्यायाम मुळीच करीत नसल्याचे सांगितले. केवळ व्यायामाबद्दलच विचारले असते, तर त्यांच्यापैकी कित्येकांचे कष्ट हिशेबातच आले नसते.

उत्तरांचे गणित

उत्तरांवरून आकडा काढण्यासाठी ‘मेट’ हे एकक वापरतात. स्वस्थ बसले असता शरीर जेवढी ऊर्जा खर्च करते, तो १ मेट. दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीत चालण्याला ३.३, मध्यम श्रमाला ४ आणि जोरदार श्रमाला ८ मेट धरतात. मेट, मिनिटे आणि आठवड्यातील दिवस यांचा गुणाकार केला की झाले.

आता एक उदाहरण पाहा. एक मुलगा आठवड्यातून ३ दिवस कबड्डीच्या सरावाला जातो. तो मैदानावर तासभर असतो, पण प्रत्यक्ष खेळतो २० मिनिटेच. बाकीचा वेळ बाजूला बसण्यात जातो.

त्याचे उत्तर : ८ × ६० × ३ = १४४०
प्रत्यक्षात : ८ × २० × ३ = ४८०

मुलगा खोटे बोलला नाही, तरी आकडा तिप्पट झाला!

चूक कोठून शिरते?

पहिले कारण स्मरणशक्ती. ठरावीक वेळी केलेला खेळ लक्षात राहतो. घरात, बाजारात, शाळेत तुकड्यातुकड्यांनी झालेले चालणे विसरले जाते. दुसरे कारण, चांगले दिसण्याची इच्छा. गुरुजींनी विचारले की मिनिटे आपोआप वाढतात. तिसरे कारण शब्दांचे. ‘जोरदार श्रम’ म्हणजे काय, याची प्रत्येकाची कल्पना निराळी. चौथे कारण ऋतूचे. लावणीच्या आठवड्यातील शेतकरी आणि भर उन्हाळ्यातील शेतकरी यांची उत्तरे सारखी कशी येतील?

यांवर उपाय आहेत. ‘साधारणपणे’ असे न विचारता ‘गेल्या सात दिवसांत’ असे विचारावे. दिवस आणि मिनिटे वेगवेगळी विचारावीत. श्रमाची खूण श्वासावरून द्यावी : बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ते मध्यम श्रम, दोनचार शब्दांनंतर थांबून श्वास घ्यावा लागतो, ते जोरदार. उत्तरपत्रिकेवर नाव नसले तर बढाईचे कारणही उरत नाही.

प्रश्नावलीची परीक्षा

प्रत्येक मापनसाधनाला दोन कसोट्या लावतात. पुन्हा मोजल्यावर तेच उत्तर येते का, ही विश्वसनीयता. जे मोजायचे तेच मोजले जाते का, ही सप्रमाणता. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीची १२ देशांत तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. पुन्हा विचारल्यावर उत्तरांचा मेळ चांगला बसला. सहसंबंध सुमारे ०.८ होता. पण अंगावर बांधलेल्या त्वरणमापकाशी ताडून पाहता तो सुमारे ०.३ एवढाच निघाला. म्हणजे माणसे तेच उत्तर पुन्हा देतात, परंतु ते बरोबर असतेच असे नाही!

अमेरिकेत २००५-०६ च्या पाहणीतील सुमारे ६२ टक्के प्रौढांच्या उत्तरांनुसार ते पुरेशी हालचाल करीत होते. त्वरणमापकानुसार असे लोक १० टक्केही नव्हते. अर्थात सगळी तफावत माणसांच्या माथी मारू नका. कमरेला बांधलेल्या यंत्राला सायकल चालवणे किंवा ओझे उचलणे नीट कळत नाही. यंत्रालाही मर्यादा आहेत. म्हणून मोठ्या गटांची तुलना करण्यास प्रश्नावली उपयोगी. एका माणसाचे अचूक माप तिच्यावरून काढू नये.

करून पाहा

वर्गातील दहा विद्यार्थ्यांनी तीन दिवस दर अर्ध्या तासाची नोंद वहीत ठेवावी. चौथ्या दिवशी वह्या गुरुजींकडे द्याव्यात आणि ‘गेल्या तीन दिवसांत किती मिनिटे चाललात? किती मिनिटे खेळलात? किती मिनिटे घरकाम केलेत?’ यांची उत्तरे आठवून लिहावीत. मग दोन्ही आकडे शेजारी मांडा. कोणती हालचाल फुगली? कोणती विसरली गेली? मुलांची आणि मुलींची घरकामाची मिनिटे वेगळी काढून पाहा. कोणता प्रश्न कसा बदलला असता तर तफावत कमी झाली असती, याची वर्गात चर्चा करा आणि सुधारलेल्या प्रश्नांनी पुढच्या आठवड्यात हाच प्रयोग पुन्हा करा.