दफिना



गेल्या वर्षी नववीच्या वर्गात एका मुलाने कंपासपेटीतून चांदीचा रुपया काढून बाकावर ठेवला. रुपया राणी व्हिक्टोरियाचा होता, साल 1886. "सर, याचे किती पैसे येतील?" त्याने विचारले. तेवढ्यात मागच्या बाकावरून दुसरा प्रश्न आला, "सर, शेतात असा हंडाच सापडला तर तो कोणाचा?" वर्ग हसला, पण दोन्ही प्रश्न चांगले होते. एका तासात त्यांची उत्तरे देऊन झाली नाहीत, म्हणून हा पाठ.

जमिनीत पुरलेल्या धनाला उर्दूत आपण दफ़ीना म्हणतो. मराठीतही 'दफिना' हा शब्द चालतो. सरकारी कागदांत मात्र त्याला 'निखात निधी' असे भारदस्त नाव आहे. पूर्वी बँका नव्हत्या. लुटीची किंवा लढाईची चाहूल लागली की लोक आपली पुंजी मडक्यात घालून पुरत असत. पुरणारा परत आला तर मडके रिकामे होई. तो परत आला नाही, तरच ते आपल्याला सापडते. म्हणजे प्रत्येक दफिन्यामागे घरी न परतलेला एखादा माणूस असण्याचा संभव आहे.

महाराष्ट्रातला चांदीच्या नाण्यांचा एक फार प्रसिद्ध दफिना 1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी या गावी सापडला. नाणी किती असावीत? तेरा हजार दोनशे पन्नास! नाणे लहान, आपल्या बोटाच्या नखापेक्षा थोडे मोठे, वजन सुमारे दोन ग्रॅम. ही नाणी नहपान नावाच्या क्षत्रप राजाची. तो सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिक, जुन्नर आणि गुजरातच्या भागावर राज्य करीत होता. नाण्याच्या एका बाजूस राजाचा चेहरा व भोवती ग्रीक अक्षरे, तर दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिप्यांत राजाचे नाव. यांपैकी खरोष्ठी ही आपल्या उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे लिहीत. एवढ्याशा चांदीच्या तुकड्यावर तीन लिप्या आहेत!

पण खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. ही नाणी तपासून रेव्हरंड स्कॉट यांनी 1908 साली त्यांवर लेख प्रसिद्ध केला. त्यातून असे दिसले की, नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्याच राजाचा ठसा पुन्हा मारलेला आहे. नहपानाच्या नाकाडोळ्यांवर कमानींचा डोंगर उमटला आहे आणि त्याभोवती गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाचे नाव आहे. काही नाण्यांवर तर खालचा जुना चेहरा अजून डोकावतो.

आता नाशिकच्या लेण्यांकडे चला. तिथल्या एका लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, मोठा शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरात वंश निर्मूल केला, असे त्यात म्हटले आहे. नहपान याच क्षहरात वंशातला. आई आपल्या मुलाचे कौतुक थोडे जास्तच करणार, असे कोणी म्हणेल. पण जोगळटेंभीच्या मडक्याने तिच्या बाजूने साक्ष दिली. जिंकलेल्या राजाची नाणी गौतमीपुत्राने वितळवली नाहीत. त्याने त्यांवरच आपला ठसा मारून ती चालवली. नवी नाणी पाडण्यापेक्षा हे काम सोपे होते. शिवाय बाजारात भाजी घेणाऱ्यालाही राज्य बदलल्याचे हातातल्या नाण्यावरूनच समजले असेल. मला वाटते, त्या राजाची हुशारी इथेच आहे.

ही साक्ष कोणा एका नाण्याने दिलेली नाही, हे ध्यानात घ्या. ठसा मारलेले एकच नाणे मिळाले असते, तर ती टांकसाळीतल्या कारागिराची चूक आहे, असे कोणीही म्हणाले असते. तेरा हजारांतील नऊ हजार, हा हिशेब आहे म्हणून पुरावा आहे. तसेच, इतकी नाणी शेजारी शेजारी ठेवल्यावर नहपानाचे चेहरे सारखे नाहीत, हेही दिसून आले. काही तरुण, काही म्हातारे, काही नाकेले. असे का, यावर विद्वानांनी पुष्कळ वाद घातला.

अमेरिकेतील एक उदाहरण देतो. रेनो शहरात ला व्हेर रेडफील्ड नावाचा श्रीमंत, पण साधा राहणारा माणूस होता. 1974 साली तो वारला. त्याच्या संग्रहात चांदीचे चार लाखांहून अधिक डॉलर निघाले. 1976 साली हा सारा साठा सुमारे 73 लाख डॉलरांना विकला गेला आणि मग एकेक नाणे संग्राहकांच्या हाती गेले. पण त्यांतील पुष्कळ नाणी रेडफील्डचे नाव छापलेल्या पारदर्शक वेष्टनांत घालून विकली गेली. त्या नावासाठी लोक आजही जास्त पैसे मोजतात. नाणी पांगली, तरी त्या नाण्यांचे मूळ घर कोणते हे कळते. आपल्याकडे सोनाराच्या मुशीत गेलेल्या नाण्याचे काहीच कळत नाही.

तुम्ही म्हणाल, नाशिक दूर, अमेरिका तर त्याहून दूर. मग दारव्ह्याहून कारंजा आणि तेथून मंगरूळपीर गाठा. त्याच तालुक्यात तऱ्हाळा हे गाव आहे. 1939 साली तिथे सातवाहनांच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा दफिना सापडला. ती चांदीची नव्हेत, मिश्र धातूची. सोनाराला तिच्यात काय रस असणार! पण नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी ती तपासली, तेव्हा कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी ही पुराणांच्या यादीत नसलेली नावे त्यांवर वाचली गेली. विसरलेले राजे आपल्या शेजारच्या तालुक्यातील मातीतून वर आले.

आता मागच्या बाकावरच्या प्रश्नाकडे येतो. हंडा कोणाचा? याचे उत्तर 1878 सालच्या कायद्यात आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडले, तर ते काय आहे, किती आहे, कुठे आणि कधी सापडले, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. चौकशीनंतर ते बेवारस ठरले आणि दुसरा काही करार नसला, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा मिळतो. सरकारला ते ठेवून घ्यायचे असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. लपवणाऱ्याचा हिस्सा मात्र जप्त होतो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. भीतीपोटी रातोरात नाणी विकणाऱ्या माणसाला हा तीन हिश्श्यांचा नियम बहुधा माहीतच नसतो.

आणि कंपासपेटीतला रुपया? तो दफिना नव्हता. त्या मुलाच्या दादीच्या पेटीत असे अकरा रुपये होते. बहिणीच्या लग्नासाठी ते वितळवून पैंजण करायचे ठरले होते. असा एक रुपया म्हणजे बरोबर एक तोळा वजन. मी त्याला म्हटले, "पैंजण जरूर करा. फक्त त्याआधी सगळे रुपये एका ओळीत मांड, प्रत्येकाचे साल लिही आणि कुठे काही खूण आहे का ते पाहा."

सोमवारी त्याने वहीचे पान दाखवले. अकरांपैकी सात रुपयांच्या वरच्या कडेला डाक लावल्याची खूण होती. तिथे पूर्वी कडी असणार. त्याने दादीला विचारले. दादी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वह तो मेरी सास का हार था, बेटा. एका दुष्काळात आम्ही तो उसवला होता."

सात रुपये पुन्हा पेटीत गेले. पैंजण उरलेल्या चार रुपयांचे झाले, थोडे बारीक.