कानाला वगळून ऐकणे

डहाणू-तलासरीकडे भाताची कापणी झाली की तारपा घुमू लागतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा, एवढीच त्याची सामग्री. त्याचा आवाज ऐकू येतो म्हणजे नेमके काय होते?

हवेतील कंपने कानाचा पडदा हलवतात आणि तीन चिमुकल्या हाडांतून आतल्या कानातील शंखाकृती नळीत पोचतात. अडीच वेढ्यांची ही नळी उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. तीत स्वर हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखे ओळीने मांडलेले असतात; तोंडाशी उंच, टोकाशी खर्ज. ज्या जागेच्या केशपेशी हलतात, तिथून श्रवणतंत्रिका मेंदूला विद्युत्-संदेश नेते.

केशपेशी निकामी असतील तर नळीत विद्युत्-अग्रांची बारीक माळ सरकवतात. हेच कॉक्लिअर इम्प्लांट. या शस्त्रक्रियेसाठी नावाजलेले मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली.

पण श्रवणतंत्रिकाच नसेल तर? काही मुले तिच्याविनाच जन्मतात. काही रुग्णांत तिच्यावरील गाठ काढताना ती तुटते. तार तुटलेल्या टेलिफोनला नवा रिसीव्हर जोडून काय उपयोग? मग तारेपलीकडच्या ठाण्यातच, म्हणजे मस्तिष्क-स्तंभातील श्रवणकेंद्रकाशी, विद्युत्-अग्रे न्यावी लागतात. १९७९ साली लॉस एंजेलिसमध्ये विल्यम हाउस व विल्यम हिट्सेलबर्गर यांनी हे धाडस प्रथम केले. पुढे सुमारे ८.५ मिलिमीटर लांब व ३ मिलिमीटर रुंद पट्टीवर २१ विद्युत्-अग्रे बसवण्यात आली. कानामागील मायक्रोफोनचे संदेश कातडीखालच्या ग्राहकाकडे बिनतारी जातात, तेथून पट्टीकडे.

खरी गोम पुढेच आहे. केंद्रकातही स्वरांची मांडणी असते, पण तिचे थर खोल आत जातात, आणि पट्टी बसते पृष्ठभागावर! त्यामुळे शेजारशेजारची अग्रे चढत्या क्रमाने स्वर देतीलच असे नाही. एखाद्या अग्राने गरगरते किंवा चेहऱ्याचा स्नायू उडतो. ते बंदच ठेवतात. बहुतेकांना आवाजाची चाहूल व लय कळते, ओठ वाचायला मदत होते. केवळ ऐकून बोलणे समजणारे थोडे. तारप्याचा ठेका कळेल, सूर कळणे कठीण. ‘बहिऱ्याला कान फुटले’ असे मथळे मला तरी भाबडे वाटतात.

लहान वयातील मेंदू हे अनोळखी संदेश लवकर शिकतो, म्हणून निदान लवकर हवे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथेच झाला (तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यात होता), आणि जन्मजात बहिरेपणा त्याच्या तपासणीत आहे. बहिरेपण आढळले की एम.आर.आय. चित्रात तंत्रिका शोधतात. बारीक का होईना, ती दिसली तर बहुधा आधी शंखाकृती नळीतच प्रयत्न होतो.