माणशी अर्धा एकर

(प्रौढांचे अभ्यासवर्ग व शब्बाथ शाळेचे वरचे वर्ग यांसाठी)

पाठाचा हेतू : थोड्या पावसाच्या जमिनीवर लहान शेतकऱ्याने कसे टिकावे, आणि हाती आलेले थोडे पाणी गावात कोणाला किती द्यावे, ह्या दोन प्रश्नांचा विचार करणे.

आपल्या मंडळ्या बेळगाव, हैदराबाद, बडोदे, इंदूर अशा शहरांत असल्या तरी आपल्यापैकी पुष्कळांची मुळे कोरडवाहू खेड्यांत आहेत. काहींची तेथे अद्याप दोनचार एकर जमीन आहे. काहींच्या वाडवडिलांना जमीन कधी मिळालीच नाही. ह्या दुसऱ्या लोकांस वर्गाने विसरू नये. पाठाचा शेवट त्यांच्यापाशी यावयाचा आहे.

1. पाऊस किती पडतो?

प्रथम हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. एका एकरात सुमारे 4,047 चौरस मीटर असतात. वर्षाचा पाऊस 500 मिलिमीटर धरला, तर एका एकरावर सुमारे 20 लाख लिटर पाणी पडते. एवढे पाणी पडूनही शेत कोरडे का राहते? कारण हा पाऊस मोजक्या दिवसांत धो धो येतो, उताराने पळून जातो आणि जाताना वरची कसदार माती घेऊन जातो. म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याचे पहिले काम पाणी आणणे हे नसून आलेले पाणी जाऊ न देणे हे आहे.

2. शेतात काय करावे?

(अ) नांगरट, पेरणी, बांध ही सर्व कामे उताराला आडवी करावीत. मग प्रत्येक तास हा लहानसा बांधच होतो.

(आ) एकाच पिकावर विसंबू नये. हलक्या ते मध्यम जमिनीत बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक ओळ घ्यावी. बाजरी लवकर निघते. तुरीचे मूळ खोल जाते आणि ती उशिराच्या ओलीवर तग धरते. एक गेले तर दुसरे हाती राहते.

(इ) काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी साठलेल्या ओलीवर येते. ती ओल भेगांतून उडून जाते. म्हणून पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या व आठव्या आठवड्यात कोळपणी करावी. भुसभुशीत मातीने भेगा बुजतात व ओल टिकते. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात ते उगाच नव्हे.

ह्यांपैकी कशालाही मोठे भांडवल लागत नाही. वेळ साधावी लागते आणि मेहनत लागते.

3. नायगावचे उदाहरण

पण एकट्याच्या शेतातील कामाला मर्यादा आहे. वरच्या शेताचे पाणी खाली येते आणि खालच्या विहिरीचे पाणी वर पडलेल्या पावसाचे असते. येथे गावाचा प्रश्न सुरू होतो.

1972 च्या दुष्काळात पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात हजारो माणसे खडी फोडण्याच्या कामावर होती. पुण्याचे अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी ते पाहिले. खडी फोडून पोट भरेल, पण पुढील दुष्काळ टळणार नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. नायगाव येथे त्यांनी देवस्थानाची चाळीस एकर पडीक जमीन कराराने घेतली. उतारावर समपातळीत बांध घातले, खाली पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर खणली आणि ते पाणी उपसून वरच्या शेतांना दिले. ओसाड जमिनीवर पिके उभी राहिली.

ह्या कामातून पुढे पाणी पंचायत उभी राहिली. तिचे मुख्य नियम असे :

पाणी एकट्याला नव्हे, गटाला मिळेल.

ज्याची जमीन जास्त त्याला जास्त पाणी, असे नाही. घरात माणसे किती त्यावर वाटा ठरेल : माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि एका कुटुंबास फार तर अडीच एकरांपुरते.

पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही. जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही.

ऊस लावावयाचा नाही, कारण एकाचा ऊस अनेकांची भाकरी पितो.

योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः भरावयाचा.

भूमिहीनालाही पाण्याचा वाटा आहे. दुसऱ्याची जमीन वाट्याने करून तो आपले पाणी वापरू शकतो.

साळुंखे 2002 मध्ये वारले. सर्वच योजना टिकल्या नाहीत. काही बंद पडल्या. परंतु त्यांनी विचारलेला प्रश्न बंद पडलेला नाही : आभाळातून पडलेले पाणी सातबाऱ्यावर नाव असलेल्याचेच का?

4. मनन

निर्गमाच्या 16 व्या अध्यायात मान्ना कसा वाटला ते पाहा. ज्याच्या तंबूत जितकी माणसे तितके ओमर, असे माप होते. साठवून ठेवलेला मान्ना नासला. रानातील त्या लोकांपाशी जमीन नव्हती, तरी वाटा होता. नायगावचा नियम त्या अध्यायातून घेतला असे आपण म्हणू नये. पण दोन्ही ठिकाणी माप एकच आहे, तोंडे मोजण्याचे.

आपल्या घरी, आपल्या गावी, मंडळीच्या आवारातील विहिरीवर आपण कोणते माप वापरतो?

5. शिक्षकांसाठी

दोन पाट्यांत ओल्या मातीचे सारखेच उतार करा. एकावर बोटाने उभ्या रेघा, दुसऱ्यावर आडव्या रेघा ओढा. दोहोंवर एकेक तांब्या पाणी झारीने हळूहळू घाला. कोणते पाणी लवकर खाली येते व किती गढूळ येते, ते मुलांना पाहू द्या. आधी सांगू नका.

6. चर्चेसाठी प्रश्न

(1) तुमच्या घराच्या छपरावर वर्षाला किती लिटर पाऊस पडतो? ते पाणी कोठे जाते?

(2) नायगावच्या नियमांपैकी मोठ्या शेतकऱ्यास कोणता सर्वांत जड गेला असेल? का?

(3) भूमिहीनाला पाण्याचा वाटा देण्यास तुमच्या गावी कोणत्या हरकती निघतील? त्यांपैकी कोणत्या खऱ्या अडचणी आहेत व कोणत्या केवळ सवयी?