ड्रोनच्या चित्रणातील लुकलुक : कारणे आणि उपाय

आपल्या विद्यालयाचे माजी विद्यार्थी मेळाव्यासाठी गावोगावहून येतात, तेव्हा अलीकडे कोणी ना कोणी ड्रोन घेऊन येतोच. वसतिगृहाचे छप्पर, मैदानाच्या कडेची झाडे, परिपाठाच्या रांगा हे सारे उंचावरून पाहताना मन भरून येते. परंतु तीच चित्रफीत घरी मोठ्या पडद्यावर लावली, की पुष्कळदा निराशा पदरी येते. चित्र लुकलुकते, त्यावरून काळपट पट्टे सरकतात, पत्र्यावर नसलेल्या लाटा उठतात. यंत्रच हलक्या प्रतीचे असावे, अशी समजूत करून घेऊन आपण तो विषय सोडून देतो. वस्तुतः बहुतेक वेळा यंत्र निर्दोष असते; चूक आपल्या मांडणीत असते. ती कशी ओळखावी आणि कशी टाळावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा विषय आम्ही चुकीतून शिकलो. एका मेळाव्याच्या सायंकाळी भोजनगृहातील मावशींचा सत्कार होता. आमच्यासारख्या अनेक तुकड्यांना त्यांनी रांधून वाढले होते. दिवेलागणीची वेळ होती, मैदानावर एलईडीचे प्रखर दिवे लावलेले होते. चित्र हलू नये म्हणून आम्ही शटर मुद्दाम जलद, म्हणजे १/२४० सेकंदावर ठेवले आणि सेकंदाला ३० फ्रेम या गतीने चित्रण केले. ड्रोनच्या लहान पडद्यावर सारे उत्तम दिसले. संगणकावर पाहिले, तेव्हा मावशींच्या चेहऱ्यावरून काळे पट्टे धावत होते. पुढच्या मेळाव्याला मावशी नव्हत्या. तो प्रसंग पुन्हा टिपणे कोणाच्याच हाती राहिले नव्हते.

दिव्यांची लुकलुक

आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करते. प्रत्येक आवर्तनात विद्युतदाब दोनदा शून्यावर येतो. म्हणून जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचा आणि साध्या बनावटीच्या पुष्कळ एलईडी दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना हे जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवते.

पावसाळ्यात वळचणीखाली भांडे धरण्याचा अनुभव आपणांस आहे. पागोळीचे थेंब समान अंतराने पडत असतील आणि प्रत्येक भांडे नेमके दोन थेंब पडण्याइतका वेळ धरले, तर ते केव्हाही धरले तरी पाणी सारखेच साठेल. तोच वेळ एका थेंबाहून कमी केला, तर एखाद्या भांड्यात थेंब येईल आणि एखादे कोरडे राहील. शटर उघडे राहण्याचा काळ म्हणजे हे भांडे धरण्याचा काळ होय. १/५० सेकंदात प्रकाशाचे नेमके दोन ठोके मावतात, १/१०० सेकंदात नेमका एक. आम्ही ठेवलेल्या १/२४० सेकंदात अर्धा ठोकाही मावत नव्हता.

मग संपूर्ण चित्र अंधारण्याऐवजी पट्टे का दिसतात? बहुतेक ड्रोनचा कॅमेरा संपूर्ण चित्र एका क्षणी टिपत नाही. तो वरून खाली ओळीओळीने वाचतो. प्रत्येक ओळ हे जणू वेगळे भांडे असते. काही ओळींच्या वाट्याला पूर्ण प्रकाश येतो, काहींच्या वाट्याला ओहोटी येते, आणि त्यांचाच पट्टा बनतो.

यावरून नियम स्पष्ट होतो. विजेच्या दिव्यांखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे आणि शक्य तेथे सेकंदाला २५ फ्रेम ही गती निवडावी. अनेक कॅमेऱ्यांत लुकलुक टाळण्यासाठी ५० व ६० हर्ट्झ असे दोन पर्याय असतात. आपल्याकडे ५० निवडावा. आंतरजालावरील पुष्कळ धडे अमेरिकेतील असतात. तेथील वीज ६० हर्ट्झची असल्याने ते १/६० शटर सुचवतात. ते तेथे योग्य, येथे अयोग्य. एलईडी दिवा मंद केलेला असेल, तर त्याची लुकलुक निराळ्या गतीची असू शकते. अशा वेळी कार्यक्रमापूर्वी अर्धा मिनिट चित्रण करून मोठ्या पडद्यावर पाहावे. ही अर्ध्या मिनिटाची दक्षता आम्ही घेतली असती, तर हा लेख लिहिण्याची वेळ आली नसती.

पात्यांची सावली

दिवसाच्या चित्रणातील लुकलुकीचे कारण वेगळे असते. सूर्य समोर किंवा बाजूला कलता असला, की पंख्यांच्या पात्यांची सावली भिंगावर पडते. समजा, पंखा मिनिटाला ६,००० फेरे घेतो आणि त्याला दोन पाती आहेत. तर सेकंदाला २०० वेळा सावली भिंगावरून जाते. भर उन्हात कॅमेरा आपोआप शटर अतिशय जलद करतो, त्यामुळे काही ओळींत सावली पकडली जाते आणि काहींत नाही. पहिला उपाय बिनखर्चाचा आहे. ड्रोन वळवून सूर्य पाठीशी घ्यावा, किंवा कॅमेरा थोडा खाली झुकवावा.

दुसरा उपाय एनडी फिल्टरचा. ही भिंगावर बसवायची काळसर काच असते. ती रंग न बदलता प्रकाश कमी करते. तिच्यावरील आकडा प्रकाश किती पटीने घटतो ते सांगतो. लख्ख उन्हात आयएसओ १०० आणि भिंगाचे छिद्र एफ/२.८ असताना शटर सुमारे १/३२०० लागते. ते १/५० वर आणायचे, तर प्रकाश ३२०० भागिले ५०, म्हणजे ६४ पटीने कमी करावा लागेल; म्हणून एनडी ६४ निवडावा. ढगाळ हवेत ८ किंवा १६ पुरतो. शटर मंद झाले, की प्रत्येक ओळीत अनेक सावल्यांची सरासरी येते आणि पट्टे विरून जातात. फिल्टर आपल्याच ड्रोनच्या मापाचा असावा. जड काचेने कॅमेरा तोलून धरणाऱ्या गिम्बलवर ताण येतो.

अन्य दोष

चित्र जेलीसारखे थरथरत असेल, तर पाती तपासावीत. कड तुटलेले किंवा वाकलेले पाते कंपन निर्माण करते. ते चिकटवू नये, बदलावे. शेतावरून पत्र्याच्या छपराकडे जाताना चित्र एकाएकी उजळते वा काळवंडते, ते कॅमेऱ्याने स्वतः केलेल्या बदलांमुळे. म्हणून उड्डाणानंतर प्रकाशमान आणि रंगसंतुलन दोन्ही स्थिर करून ठेवावीत. पन्हाळी पत्रे, कौले, जाळ्या यांवर दिसणाऱ्या लाटा उंची किंवा कोन थोडा बदलल्यास बहुधा नाहीशा होतात. गवत व पाणी ठोकळ्याठोकळ्यांचे दिसत असेल, तर सर्वाधिक बिटरेट निवडावा आणि ड्रोन सावकाश न्यावा.

उड्डाणापूर्वी ड्रोन नियम, २०२१ मधील तरतुदी आणि त्या परिसराचा हवाई नकाशा पाहणे हे आपले कर्तव्य आहे. चित्र कितीही सुंदर येणार असले, तरी जमावाच्या, विशेषतः मुलांच्या, डोक्यावरून ड्रोन नेऊ नये.

नंतरची दुरुस्ती

संकलनाच्या काही संगणक प्रणालींत लुकलुक घटवण्याची सोय असते. एफएफएमपेग या मोफत प्रणालीतील ‘डिफ्लिकर’ लगतच्या फ्रेमांच्या उजेडाची सरासरी काढून तो समान करते. संपूर्ण चित्र उजळत-मावळत असेल तेथे याचा चांगला गुण येतो. सरकणाऱ्या पट्ट्यांवर मात्र पडत नाही. दोन-तीन फ्रेम एकमेकींत मिसळल्यास पट्टे फिके होतात, पण हलणाऱ्या माणसांच्या मागे भुतासारखी छाया उरते. टिपताना जे हरवले, ते पुढे पूर्णपणे परत मिळत नाही.

मावशींच्या चित्रफितीवर आम्ही पुष्कळ प्रयत्न केले. अखेर गणितच कामी आले. सेकंदाला १०० ठोके आणि ३० फ्रेम, म्हणजे एका फ्रेमच्या काळात सव्वातीनहून थोडे अधिक ठोके. त्यामुळे दर तिसऱ्या फ्रेमला पट्टे जवळपास त्याच जागी परततात. अर्थात मधल्या फ्रेमांत ते दुसरीकडे असतात. एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलो, तेव्हा एका फ्रेममध्ये पट्टा छातीवरील शालीवर होता आणि चेहरा स्वच्छ उजेडात होता. मावशी हसत होत्या. ते एकच चित्र छापून आम्ही चौकटीत बसवले; ते आज भोजनगृहात, वाढपाच्या टेबलाच्या वर आहे.

चित्रफीत मात्र गेली ती गेलीच. यंदाच्या मेळाव्यात जो कोणी ड्रोन उडवील, त्याने सायंकाळी शटर १/५० वर आहे ना, एवढे एकदा पाहून घ्यावे, ही आमची विनंती.